मार, उभं कर, झाडून घे

आमच्या बाईंना कंटेनर मारायचा भारी शौक होता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हे घरी जेवताना सांगितलं, तर अब्बांचा घास हातातच राहिला. देगलूर नाक्याजवळ आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. त्यांचं सगळं आयुष्य बंद पडलेलं चालू करण्यात गेलेलं. ते म्हणाले, "किसकू मारते?" म्हणलं, माणसाला नाही अब्बा, सॉफ्टवेअरला. "चालू वाले कू?" हो, चालू असलेल्यालाच. त्यांनी घास खाल्ला, पाणी प्याले आणि अम्मीला म्हणाले, पोरीला दुसरीकडं बघा.

मी काही दुसरीकडं गेले नाही. आमचं ऑफिस विष्णुपुरीच्या रस्त्याला, एका बॅटरीच्या दुकानावर. दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर असा आमचा मुलूख. सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी वेगळी. ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर नेऊन बसवायचं, चालवायचं आणि बंद पडू द्यायचं नाही, हे बाईंचं खातं. त्या खात्यात बाई आणि मी अशा दोघीच होतो.

बाई उमरीकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. गावाकडं शेती होती, ती भाऊ बघायचा. अंगावर साडी, साडीवर मरून रंगाचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. मशीनच्या खोलीत एसी असायचा म्हणून स्वेटर, एवढं समजण्यासारखं आहे. पण बाई तो मे महिन्यात नांदेडच्या बसस्टँडवरही काढत नसत. विचारलं तर म्हणायच्या, "काढ-घाल कोण करीत बसंल?" बोलायला फटकळ. कौतुक हा प्रकार त्यांच्याकडं नव्हताच. काम बरोबर झालं की नुसतं "हं" म्हणायच्या. आणि ते "हं" मिळावं म्हणून मी, जी कॉलेजात कुणाच्या बापाचं ऐकत नव्हते, ती दिवसभर मान मोडून बसायचे.

त्यांच्या टेबलावर कायम भुईमुगाच्या शेंगा. सॉफ्टवेअरची इमेज, म्हणजे त्याचा तयार गठ्ठा, इंटरनेटवरून उतरायला वेळ लागतो आणि आमच्या ऑफिसचं इंटरनेट म्हणजे काय सांगावं. बाई तेवढ्या वेळात शेंगा फोडत बसायच्या आणि टरफलांच्या ढिगाकडं बघून सांगायच्या, "आज नेट पावशेराचं हाय." अर्धा किलो झाल्या की त्या उठून नेटच्या कंपनीला फोन लावायच्या. त्या फोनवर काय बोलायच्या ते लिहिण्यासारखं नाही.

कंटेनर म्हणजे काय, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि परीक्षेनंतर मी ते रीतसर विसरले होते. बाईंनी टरफलं गोळा करता करता सांगितलं. "गणपतीचा कारखाना बगितलास का? साचा एक असतो. त्याच्यातून मूर्त्या काढायच्या, लागतील तेवढ्या. मूर्ती बुडवायची, साचा घरी ऱ्हातो. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे मूर्ती. मूर्ती फुटली म्हणून रडायचं न्हाई, दुसरी काढायची." मी म्हणलं, आणि पेशंटची माहिती? "ती मूर्तीच्या पोटात ठेवायची न्हाई. पोटात सोनं ठेवलं अन् मूर्ती बुडवली, तर सोनं बी गेलं. माहिती भायेर ठेवायची, आपण नाव दिलेल्या जागी. मूर्तीला नुसतं तिथं बांधायचं." त्या बाहेरच्या जागेला व्हॉल्यूम म्हणतात. एवढं कळलं की आमचं निम्मं काम कळलं. उरलेलं निम्मं म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टाईप करणं, आणि तिथं बाईंचा कायदा चालायचा.

हुकूम कुठून उचलून आणून चिकटवलेला त्यांना खपत नसे. पाठ करायचा आणि हातानं लिहायचा, कितीही लांब असला तरी. लिहून झाला की तोंडानं वाचायचा. मग बाई "हं" म्हणणार आणि मग एंटर. "आधी तोंडानं, मग बोटानं," असं दिवसातून इतक्या वेळा ऐकलंय की आजही घरात फ्रीजचं दार उघडताना मी पुटपुटते. सुरुवातीला मला ह्याचा लई राग यायचा. एकदा भांडलेसुद्धा. म्हणलं, बाई, सगळं इंटरनेटवर लिहून ठेवलेलं आहे, बघून टाकलं तर काय बिघडतं? बाई शेंग फोडत म्हणाल्या, "बघून तर कुणीबी सैपाक करतंय. मीठ किती, हे हाताला ठाऊक पाहिजे." मी गपगुमान पाठ करायला लागले.

प्रत्येक कंटेनरला नाव लागतं, आणि बाईंची नावं म्हणजे किनवट आणि धर्माबादकडच्या लाईनवरची स्टेशनं. कुठल्या लॅबचं मुदखेड, कुठल्या रक्तपेढीचं धर्माबाद, कुणाचं इस्लापूर. उमरी मात्र त्यांनी वर्षानुवर्षं कुणालाच दिलं नव्हतं. मी एकदा एका दातांच्या दवाखान्याला द्यायला निघाले, तर माझ्या हातावर चापटी मारली. "माहेर हाय ते. दातवाल्याला कामून देतीस?"

आता मारण्याचं सांगते. गिऱ्हाइकाकडं सॉफ्टवेअर बसवून दिलं की इतर कंपन्यांची माणसं पेढे खाऊन घरी जातात. बाई सव्वा महिन्यानं परत जायच्या. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेर काढत नाहीत, तसा हा हिशोब. तोवर गिऱ्हाइकाची माहिती भरलेली असते. मग बाई त्याला समोर बसवायच्या आणि चालू कंटेनर त्याच्या डोळ्यांदेखत मारायच्या. बंद करणं नव्हे, मुळासकट काढून टाकणं. मग इमेजपासून नवीन उभा करायचा, आणि सगळी माहिती जशीच्या तशी आहे हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावायचं. शेवटी झाडून घ्यायचं. म्हणजे मशीनवर मागं राहिलेल्या, कुठल्याच कंटेनरला न बांधलेल्या बेवारस जागा एका हुकमानं साफ करायच्या. झाडलेलं परत येत नाही. "मार, उभं कर, झाडून घे," असं बाई म्हणायच्या, आणि मग गिऱ्हाइकाला, "आता निवांत झोपा." मी एकदा विचारलं, बसवल्या दिवशीच का नाही मारत? म्हणाल्या, "रिकामं मारण्यात काय मर्दुमकी?"

उदगीरच्या एका डॉक्टरांनी मारायच्या आधी देवाला हात जोडले आणि बजावलं, "बाई, उभं राहिलं न्हाई तर मी तुमच्या ऑफिसात येऊन बसतो, पेशंटसकट." उभं राहिलं. नेहमीच राहायचं. तरी आमच्या मार्केटिंगच्या साहेबांना हा प्रकार डोळ्यासमोर नको असायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. विकलेली म्हैस गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन पाडून दाखवायची कशाला? बाई म्हणायच्या, "पडल्यावर उठती का न्हाई, हे त्याला कळाया नको?" दोघांचं हे भांडण माझ्या आधीपासून चालू होतं.

मग लातूरचं काम आलं. तिथं थॅलेसेमियाच्या लेकरांसाठी एक लहानसं केंद्र होतं. या लेकरांच्या अंगात रक्त टिकत नाही. दर काही आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं, जन्मभर. कुणाला कुठलं रक्त चालतं, कुणाला मागच्या वेळी हुडहुडी भरली, कुणाच्या अंगावर पित्त उठलं, हे बघितल्याशिवाय पुढची पिशवी लावता येत नाही. ती सगळी माहिती पिवळ्या कार्डांवर होती आणि कार्डांच्या चिंध्या झालेल्या. तिथल्या सिस्टर निलंग्याकडच्या, बोलायला मऊ, कामाला वाघीण. त्यांनी सांगितलं की ड्यूटी संपल्यावर बसून मी एकेक कार्ड मशीनवर चढवीन. बाईंनी ते ऐकून घेतलं. त्या कंटेनरला त्यांनी उमरी नाव दिलं.

बसवायला त्या एकट्याच गेल्या होत्या. माझ्या खालाच्या मुलीचं लग्न होतं. परत आल्यावर मी विचारलं, नीट झालं? म्हणाल्या, "माझ्या हातचं हाय." झालं, विषय संपला.

सव्वा महिन्यानं एका रविवारी आम्ही तिघं एसटीनं लातूरला गेलो. बाई, मी आणि साहेब. साहेबांना केंद्राच्या ट्रस्टींची ओळख वाढवायची होती, म्हणून ते आले. रविवार असल्यानं केंद्र बंद होतं. सिस्टर मुद्दाम आमच्यासाठी आल्या होत्या. त्यांनी चहा केला आणि मशीन उघडून दाखवलं. सगळी कार्डं चढवून झाली होती. जुनी कार्डं त्यांनी आईबापांना देऊन टाकली होती, आणि गेल्या महिन्यातल्या नोंदी तर कागदावर नव्हत्याच, थेट मशीनवर. प्रत्येक लेकराचा फोटोसुद्धा लावला होता. "ही बघा, ही लई रडती. ह्याला सुई लावताना मोबाईल द्यावा लागतो." सिस्टर एकेकाची ओळख करून देत होत्या आणि बाई स्वेटरच्या बाह्या ओढत ऐकत होत्या.

मग मारायची वेळ झाली. हुकूम मी लिहिला, वाचला, बाईंनी "हं" म्हटलं, मी एंटर दाबलं. उमरी गेली. उभी करायचा हुकूम बाईंनी स्वतः लिहिला, लांबलचक, एका दमात, पाठ. उमरी उभी राहिली. सिस्टर पडद्याकडं वाकल्या. मी तोवर सवयीनं काळ्या खिडकीत झाडायचा हुकूम लिहून ठेवला होता आणि बाईंच्या "हं"ची वाट बघत होते.

"माझी लेकरं कुठं गेली?" सिस्टर म्हणाल्या.

यादी रिकामी होती. वर केंद्राचं नाव, खाली काही नाही. बाईंनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हात उचल. लिहिलेलं पूस." मी ते एकेक अक्षर करून पुसलं. माझे कान तापले होते.

काय झालं होतं ते आम्हाला जरा वेळानं कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. माहिती साठवणाऱ्या डेटाबेसच्या नव्या इमेजमध्ये ती ठेवायचा कंटेनरमधला पत्ता बदललेला होता. बाईंच्या हातानं मात्र वर्षानुवर्षं पाठ असलेला जुनाच पत्ता लिहिला, बसवतानाही आणि आत्ताही. मशीननं कुरकूर केली नाही. बाईंनी नाव दिलेली जागा जुन्या पत्त्यावर रिकामीच बांधलेली राहिली, आणि इमेजनं नव्या पत्त्यासाठी आपल्या मनानं एक बिननावाची जागा काढून सगळी लेकरं तिच्यात ठेवली. रोजची नक्कल व्हायची, पण ती बाईंनी नाव दिलेल्या जागेची, म्हणजे रिकाम्या फोल्डरची. कंटेनर मारल्यावर ती बिननावाची जागा बेवारस झाली. आणि मी झाडायला निघाले होते ते बेवारसच.

साहेब पुढं झाले. असल्या वेळी ते फार गोड बोलतात. म्हणाले, "सिस्टर, घाबरू नका. लातूरच्या लाईटीचं तुम्हाला माहीतच आहे, एखादा झटका बसला असेल. आम्ही सगळं पुन्हा बसवून देतो."

"लाईटीनं काय केलं न्हाई," बाई म्हणाल्या. "लाईट मुकी हाय म्हणून तिच्यावर घालता का? सिस्टर, हे माझ्या हातानं झालंय. कुठं चुकलं ते अजून मला ठाऊक न्हाई. पण हात माझाच हाय."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. रागानं बोलत नव्हत्या, त्याचंच जास्त लागत होतं. "उद्या सोमवार. लेकरं येणारेत, मॅडम. मी कुणाला काय लावू? चालू होतं ना चांगलं? मग मारलं कामून?"

माझ्या तोंडावर आलं होतं की बाई, सांगा ना त्यांना. आज मारलं नसतं तर उद्या मशीन बदलताना हेच झालं असतं, तेही आम्ही इथं नसताना. बाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी गिळलं ते. बाई सिस्टरला म्हणाल्या, "हाव, चालू होतं. मला थोडं बसू द्या." मग त्यांनी पिशवी उघडली, शेंगा काढल्या, पण फोडल्या नाहीत. नुसत्या हातात धरून बसल्या.

मी बाईंना इतकी वर्षं बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला म्हटलं, "पोरी, मोबाईलवर त्या इमेजचं माहितीचं पान उघड. वाचून दाखव मला." पान वाचायचं म्हणजे बघून सैपाक. मी वाचत गेले. पत्ता बदलल्याची ओळ आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं, परत वाचायला लावली, आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "हात जुना झाला माझा."

मग त्यांनी बेवारस जागांची यादी काढली. लांबच लांब आकडे आणि अक्षरं, एकालाही नाव नाही. बसवताना बाईंनी करून बघितलेल्या चाचण्यांच्याही त्यात होत्या. जिनं प्रत्येक डब्याला स्टेशनाचं नाव दिलं, तिच्या आवडीची लेकरं त्या बिननावाच्या गर्दीत होती. बाईंनी आधी सगळ्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली. घाई नाही, काही नाही. साहेब बाहेर जाऊन आमच्या कंपनीच्या मालकांना फोन करत होते आणि त्यांचा आवाज आत येत होता. मग एकेक जागा उघडून बघितली. पहिली रिकामी. दुसऱ्या जागेत नुसती चाचणीची नावं. तिसरी उघडली आणि बाई वाचायच्या थांबल्या. पडदा सिस्टरकडं वळवून म्हणाल्या, "ही बगा बरं. ही तुमची रडणारी का?"

सिस्टरनी चष्मा पुसून बघितलं. "हाव. हीच. मागच्या गुरुवारी हिला हुडहुडी भरली होती, ते बी लिहिलंय." आणि मग त्यांना रडू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. बाईंना आलं की नाही ते मला दिसलं नाही. त्या पडद्यात तोंड घालून बसल्या होत्या.

माहिती बाहेर काढून, नाव दिलेल्या जागी ठेवून, नव्या पत्त्यावर बांधायला दुपार गेली. या वेळी बाईंनी हुकूम मोबाईलवरचं पान बघून लिहिला, आणि मला दोनदा ताडून बघायला लावला. उमरी उभी राहिली. सगळी लेकरं फोटोंसकट आली. साहेब दारातूनच म्हणाले, "चला, देव पावला. आता जेवायला चला. आणि मालकांनी सांगितलंय, गिऱ्हाइकासमोर हे मारणं-बिरणं आजपासून बंद."

"बंद तर बंद," बाई म्हणाल्या. "पण हे एक ऱ्हायलंय. हे परत मारल्याशिवाय मी उठत न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी बाईंकडं बघितलं. की-बोर्ड माझ्यापुढं होता आणि माझी बोटं उचलत नव्हती. म्हणलं, "बाई, माझ्याच्यानं नाही होणार." मला वाटलं आता बोलणी बसणार. पण बाई म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं. मी बी न्हाई मारणार. माझ्या हाताचा आज मलाच भरोसा न्हाई." आणि त्या तशाच बसून राहिल्या, स्वेटरच्या बाह्यांत हात घालून. दीड दिवसाच्या बाळाला टाकून जावं तसं ते मशीन सोडून त्यांना जाता येत नव्हतं, आणि हातही लावता येत नव्हता.

तेव्हा सिस्टर उठल्या. त्यांनी माझी खुर्ची मागितली. "मी मारते," त्या म्हणाल्या. "उद्या लेकरं माझ्याकडं येणारेत, तुमच्याकडं न्हाई. हे पडून उठतंय का, ते मलाच ठाऊक पाहिजे. सांगा काय लिहायचं."

साहेब म्हणाले, "अहो सिस्टर, आत्ताच मिळालंय सगळं." सिस्टरनी ऐकलं नाही. मी एकेक अक्षर सांगत गेले, त्या एका बोटानं लिहीत गेल्या. लिहून झाल्यावर मी त्यांना तोंडानं वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. शेवटी उमरी हे नाव आलं तेव्हा त्या जरा थांबल्या आणि मग सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी "हं" म्हटलं. एंटर दाबलं.

उभी करायचा हुकूम मी लिहिला, पान बघून. पडद्यावर गोल फिरायला लागलं. बाईंनी आयुष्यात कधी पडद्यावरची नजर काढली नव्हती. गिऱ्हाईक डोळे मिटायचं, बाई बघत राहायच्या. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं, आणि हातातल्या शेंगा दाबून दाबून फुटल्या होत्या.

"आली का?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

सिस्टर पडद्याजवळ सरकल्या. त्या यादी वाचायला लागल्या, मोठ्यानं, वरपासून, एकेक नाव, जणू शाळेत हजेरी घेताहेत. कुणाचं रक्त कुठलं, कुणाला काय चालत नाही. साहेबसुद्धा दारातून आत आले आणि उभे राहून ऐकत राहिले. शेवटचं नाव झालं. सिस्टर म्हणाल्या, "सगळी हायेत."

बाईंनी हातातली टरफलं टेबलावर ठेवली, तोंड वळवलं आणि मला म्हणाल्या, "आता झाडून घे."